मंदाची शेवळं आणि माझी सुजलेली जीभ

अन्याय झाला तो मंदावर, माझ्या सख्ख्या भावाच्या बायकोवर. मृग लागला त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, आमच्याच घराच्या ओटीवर, आमच्याच माणसांनी तो केला. माझा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता आणि ओटीवर जमलेल्या बायकांनी निकाल देऊन टाकला होता की मुरबाडच्या पोरीनं शेवळांच्या भाजीत आंबट काकडं घातली नाहीत, नणंदेला मारायला निघाली.

माझ्यावरही अन्याय झाला. पण मी भांडू शकते, भांडणं माझ्या अंगवळणी पडलंय. रेशन, वनहक्क, पाण्याची पाइपलाइन यांची पत्रकं मी लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. मंदा वहिनीला पत्रक लिहिता येत नाही. म्हणून हे तिचं पत्रक आहे असं समजा, आजार माझा असला तरी.

गोळी कशी सुरू झाली

मी ज्या संघटनेचं काम करते तिने गावात रक्तदाब तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. होळी नुकतीच झाली होती. बायका आल्या, पण बाही वर करायला कोणी तयार नाही. एकमेकींना ढकलत होत्या. म्हणून मी म्हटलं, बघा, मी बसते आधी. बसले. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा बघितला आणि परत हवा भरली. मग दुसऱ्या हाताला. मागच्या बायका हसायच्या थांबल्या.

मी तिशीच्याही अलीकडची. दाब म्हाताऱ्यांना असतो असं मला वाटायचं. पुढे लघवी तपासली तर त्यात प्रथिनं जात होती. सरकारी दवाखान्यातून रोज एक गोळी सुरू झाली, एनालाप्रिल नावाची. डॉक्टर म्हणाले, ही दाबही उतरवते आणि मूत्रपिंडालाही जपते. दोन्ही खरं होतं. मी आताच लिहून ठेवते की ही गोळी वाईट नाही. कितीतरी माणसं तिच्यावर नीट जगतायत. हे वाचून कोणी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या तर ते माझ्या माथी मारू नका.

मीठ कमी खा, लोणचं बंद करा, गोळी चुकवू नका, हे सगळं मला सांगितलं गेलं. एवढंच सांगितलं नाही: या गोळीने कोरडा खोकला लागू शकतो, आणि ओठ किंवा जीभ सुजली तर गोळी थांबवून ताबडतोब या. हे सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझ्या मागची बाई नुसती खुर्चीवर बसते. तेवढा वेळही मिळाला नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

धूर

खोकला चैत्रात लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात कोणीतरी पीस फिरवल्यासारखी खवखव. बैठकीत बोलायला उभी राहिले की हमखास यायचा. पाणी प्यायले तरी जायचा नाही.

दवाखान्यात गेले. क्षय असेल म्हणून थुंकी तपासली, ती स्वच्छ निघाली. ते केलं ते बरंच केलं. मग डॉक्टरांनी विचारलं, घरी चूल आहे का. आहे, गॅस महिन्याअखेरीस संपतो तेव्हा चूलच असते. झालं, सुटलं कोडं. धूर. एक बाटली दिली, गोड, लाल.

घरी आईने लगेच चुलीचा धूर मंदा वहिनीच्या नावावर टाकला. हिला ओली लाकडं घालायची खोड, म्हणे. वहिनीने चूल मागच्या पडवीत नेली. तिथे वर पत्रा, दुपारी उभं राहवत नाही. ती तिथे भाकऱ्या थापायची आणि मी घरात बसून खोकायचे. धूर बाहेर गेला तरी खोकला घरातच होता, हे कोणाच्या ध्यानात येऊ नये? आलं नाही. बाटली संपली की दुसरी मिळायची.

काकडं

शेवळं आमच्याकडे वर्षातून थोडेच दिवस मिळतात. डोंगराच्या कडेला जमिनीतून कोंब वर येतात, बायका पहाटे जाऊन काढतात. भाजी चवीला मटणाच्या तोडीची, पण खाजरी. आतला दाणेदार भाग काढून टाकायचा, हाताला तेल लावून चिरायचं, आणि काकडांचा आंबट रस घातल्याशिवाय शिजवायचं नाही. काकड म्हणजे रानातलं छोटं आंबट फळ. ते कमी पडलं की घसा खाजतो, ओठ चुरचुरतात. म्हणून शेवळांची भाजी ही आमच्याकडे सुनेची परीक्षा असते.

त्यातून वहिनीचं माहेर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. आम्हा शहापूरकडच्यांना वाटतं मुरबाडकडच्यांना शेवळं येत नाहीत, मुरबाडकडच्यांना वाटतं शहापूरकडच्यांना काहीच येत नाही. वहिनी काकडं जास्तच घालते. दरवर्षी आई पहिला घास घेतला की तोंड वाकडं करायची, म्हणायची, तुमच्यात भाजी करतात का चिंचेचं सार करतात गो?

त्या गुरुवारी मी किन्हवलीहून उशिरा आले. सगळे जेवले होते. वहिनीने माझ्यासाठी वाटीभर काढून ठेवली होती. मी खाल्ली, वाटी चाटूनपुसून. दाबाची गोळी नेहमीसारखी सकाळीच घेतली होती. जेवण होऊन थोडा वेळ गेला आणि वरचा ओठ जड वाटायला लागला. आरशात पाहिलं तर तो माझा ओठ नव्हताच.

आईने आरडाओरड केली आणि आळी जमली. मग ओटीवर कोर्ट बसलं. शेवळं खाजली. काकडं घातली होती का? किती घातली होती? हिच्या वाटणीची वेगळी का काढली? तळातली असणार, तळात दाणे राहतात. मी हातवारे करून सांगत होते की मला खाज येत नाहीये. जरासुद्धा नाही. चुरचुर नाही, लाल चट्टे नाहीत, नुसती सूज. आणि भाजी तर घरातल्या सगळ्यांनी खाल्ली होती, दादाने तर दोनदा घेतली होती. पण सुजलेल्या ओठातून निघालेलं कोण ऐकतंय.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. एकदाच बोलली. "आमच्यात काकडं कमी नाय घालत, जास्ती घालतात. आंबट होते म्हणून तुमीच नावं ठेवता ना, आई?"

शेजारची जनाकाकी म्हणाली, "औंदा शिकली असंल कमी घालायला." आणि बायका हसल्या.

ते हसणं मला अजून ऐकू येतं.

काय खाल्लं?

शहापूरच्या दवाखान्यात दादाने मला जीपने नेलं, आई सोबत. तिथे सगळ्यांनी एकच विचारलं, काय खाल्लं. नर्सने विचारलं, कंपाउंडरने विचारलं, डॉक्टरने विचारलं. आई प्रत्येकाला शेवळांची गोष्ट सांगायची आणि प्रत्येक जण मान हलवायचा. सगळे इथलेच, सगळ्यांना शेवळं माहीत, सगळ्यांचा घसा कधी ना कधी खाजलेला. बाहेरगावचा डॉक्टर असता तर त्याने विचारलं असतं, शेवळं म्हणजे काय, आणि कदाचित आणखी दोन प्रश्न विचारले असते. आमच्या लोकांना उत्तर आधीपासूनच पाठ होतं, तेच आम्हाला नडलं.

अॅलर्जीची इंजेक्शनं दिली. रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी ओठ थोडा उतरला होता. आईने माझ्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि नर्सला दाखवून विचारलं, हिची ही दाबाची रोजची गोळी आहे, आज द्यायची का?

नर्स म्हणाली, द्या ना मावशी, दाबाची गोळी चुकवायची नसते.

आणि मी ती गोळी दवाखान्याच्या पाण्याने, दवाखान्याच्या खाटेवर, सुजलेल्या ओठांनी घेतली. त्यांच्या हातात दिलं होतं हो कारण. उघडून दाखवलं होतं. त्यांनी ते मला परत भरवलं.

घरी जाताना कागदावर लिहून मिळालं की शेवळं खाऊ नका. सूज आपोआप उतरली होती, इंजेक्शनाने नाही, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं औषध लागू पडलं, म्हणजे निदान बरोबर, म्हणजे मंदा दोषी.

मंदा गेली

श्रावणात दुसऱ्यांदा सूज आली. या वेळी दोन्ही ओठ आणि एक गाल. शेवळांचा हंगाम कधीच संपला होता. मी त्या दिवशी भाकरी आणि मुगाची आमटी खाल्ली होती. मला वाटलं, आता तरी वहिनी सुटेल.

सुटली नाही. माणसाला एकदा दोषी धरलं की पुरावा आपोआप गोळा होतो. आई म्हणाली, कढई तीच होती. जनाकाकी म्हणाली, शेवळांचा अंश अंगात राहतो. तिसऱ्या कोणीतरी करणी हा शब्द काढला. माझ्या घरात, जिथे मी करणीच्या विरोधातली पत्रकं गठ्ठ्याने आणून ठेवते, तिथे. मी आईशी भांडले, इतकी की खोकल्याने उलटी झाली. आई म्हणाली, तुला तुझ्या जिवाची नसेल पर्वा, मला आहे. आणि वहिनीला सांगितलं की आजपासून रेश्माचं, म्हणजे माझं, जेवण मी करणार, तू हात लावायचा नाही.

स्वयंपाकघरात हात लावायचा नाही, असं ज्या बाईला सांगितलं तिने घरात करायचं काय? वहिनी तीन-चार दिवस अंगण झाडत राहिली, कपडे धूत राहिली. मग दादाला म्हणाली, मला टोकावड्याला सोड. दादा गोदामात हमालांवर मुकादम आहे, तिथे आवाज चढवतो, घरात त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याने सोडलं.

मी रोज सकाळी गोळी घेत होते. एकही दिवस चुकवली नाही. शहाणी रुग्ण.

जीभ

तिसरी वेळ गणपती गेल्यावर आली, तहसील कचेरीसमोर. वनहक्काचे दावे रखडले होते, पाड्यांवरच्या बायका धरण्याला आल्या होत्या, आणि माइक माझ्या हातात होता. बोलता बोलता शब्द जाड व्हायला लागले. "दावे" म्हणायला गेले तर निघेना. मला वाटलं माइक बिघडला. मग कळलं, तोंडात जागाच उरली नाहीये.

बंदोबस्ताला उभ्या असलेल्या एका हवालदाराने हसत विचारलं, "काय मॅडम, घेऊन आलात काय?" पुढे बसलेली एक कातकरी आजी उठली, तिने माझी हनुवटी धरून तोंडात पाहिलं आणि त्या हवालदाराला अशी शिवी दिली की ती इथे छापता येणार नाही. मग बायकांनीच मला रिक्षात घातलं.

शहापूरच्या दवाखान्यात या वेळी वेगळा डॉक्टर होता. त्याने जीभ पाहिली आणि सांगितलं, इथे माझ्याकडे सोय नाही, कल्याणला हलवा. त्याने वेळ घालवला नाही, हे त्याचे उपकार मी मानते. अॅम्ब्युलन्सने आसनगावच्या फाट्यावर दादाला उचललं आणि हायवेला लागली.

त्या वाटेबद्दल थोडंच लिहिते. मला आडवं होता येत नव्हतं, आडवी झाले की घसा बंद. मी बसून, पुढे वाकून, तोंड उघडं ठेवून होते. लाळ गिळता येत नव्हती, ती मांडीवर गळत होती. श्वास आपोआप चालतो असं आपण धरून चालतो. तो आपोआप चालेनासा झाला की दुसरं काही सुचत नाही. मी मोर्च्यांत पोलिसांची काठी खाल्लीय, तेव्हाही भीती अशी नव्हती. काठीला समोर माणूस असतो. इथे माझाच एक अवयव माझा गळा दाबत होता आणि का, ते कोणालाच माहीत नव्हतं. दादा माझा पंजा धरून होता आणि मला एकच वाटत होतं, मी मेले तर हे सगळे मिळून म्हणणार, मंदाने मारली. तिला ते जन्मभर पुरलं असतं.

भाजीचं मी विचारलं नाही

कल्याणच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी जीभ पाहिली, अंगावर चट्टे आहेत का पाहिलं, खाज येते का विचारलं. मी मान हलवली, नाही. त्या पहिल्याच, ज्यांना माझ्या "नाही"चा उपयोग होता.

मग त्यांनी दादाला विचारलं, ही रोज कोणती गोळी घेते?

दादा म्हणाला, "मॅडम, जूनमध्ये हिने शेवळं खाल्ली होती."

"भाजीचं मी विचारलं नाही. गोळी कोणती?"

दादाने माझ्या पिशवीतून पट्टी काढून दिली. त्यांनी नाव वाचलं आणि पट्टी स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाल्या, हिला खोकला पण असेल ना, कोरडा? दादाने मान डोलावली. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत जे कोणाला जमलं नाही, ते एका प्रश्नात झालं. मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतका राग आला की मॉनिटर वाजायला लागला.

अतिदक्षता विभागात गळ्यात नळी घालायची तयारी ठेवून मला बसवून ठेवलं. त्या म्हणाल्या, अॅलर्जीच्या इंजेक्शनांचा हिला फारसा उपयोग नाही. यावरचं खास औषध आत्ता मिळण्यातलं नाही, म्हणून रक्तपेढीतून प्लाझ्मा मागवते, म्हणजे रक्तदात्याच्या रक्तातला पिवळसर पाण्याचा भाग. हमी नाही, पण उपयोग होऊ शकतो. ती पिवळी पिशवी लावली. मी खिडकीकडे तोंड करून एकेक श्वास ओढत होते. संध्याकाळ होता होता जीभ दातांच्या आत गेली. त्या रक्तदात्याचं नाव मला कधी कळणार नाही. कुठल्याशा मंडळाच्या शिबिरात चहा-बिस्किटावर रक्त देऊन गेला असेल. त्याला माझा नमस्कार.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून नीट समजावलं. मी जसं समजले तसं लिहिते.

आपल्या अंगात प्रथिनांच्या तुकड्यांच्या छोट्या छोट्या साखळ्या सतत तयार होत असतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातली एक नऊ कड्यांची, ब्रॅडिकायनिन. बारीक रक्तवाहिन्या सैल करायच्या आणि त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपू द्यायचं, हे तिचं काम. जखम झाली की याची गरज असते, पण क्षणभरच. म्हणून ती तयार झाली की लगेच तिला तोडणारं एक विकर हजर असतं. डॉक्टर त्याला एन्झाइम म्हणतात. ते साखळीच्या टोकाच्या दोन कड्या तोडतं, मग आणखी दोन. तुटलेल्या साखळीत काही दम राहत नाही.

हेच विकर दुसऱ्या एका दहा कड्यांच्या साखळीच्याही दोन कड्या तोडतं. आठ कड्यांची जी उरते ती रक्तवाहिन्या आवळते आणि दाब वाढवते. माझी गोळी या विकराचं तोंड बंद करायची. त्यामुळे आठ कड्यांची साखळी कमी तयार व्हायची आणि दाब उतरायचा. गोळी आपलं काम चोख करत होती. पण तोंड बंद केलेलं विकर नऊ कड्यांचीही तोडत नाही. बहुतेकांचं त्यावाचून अडत नाही, कारण ती तोडायला दुसरीही विकरं असतात. काही थोड्या माणसांची ती दुसरी विकरं ढिली असतात. त्यांच्या अंगात साखळी साचते. घशात खवखव होते, कोरडा खोकला लागतो. ओठात, जिभेत पाणी झिरपतं आणि सूज येते. आज येईल, महिन्यांनी येईल, गोळी रोज चालू असताना मध्येच कधीतरी येईल. प्लाझ्मामध्ये दुसऱ्या माणसाचं विकर होतं. बहुधा त्यानेच माझ्या साखळ्या तोडल्या.

एवढंच. करणी नाही, धूर नाही, कढई नाही.

फार क्वचित होतं हो

गोळी बदलली. दुसऱ्या जातीची मिळाली, ती या विकराच्या वाटेला जात नाही. दोन-तीन आठवड्यांत खोकला गेला. आता दाब ठीक आहे, मूत्रपिंडाची तपासणी चालू आहे.

बरी झाल्यावर मी सगळ्यात आधी, जिथे गोळी सुरू झाली त्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कल्याणचे कागद वाचले, खरंच ओशाळले, आणि म्हणाले, ताई, असं फार क्वचित होतं हो.

मी म्हटलं, क्वचित होतं ते होणार कोणाला? कोणाला तरीच ना? मग ज्याला होईल त्याला ते कळावं म्हणून सगळ्यांना सांगायला लागतं. विंचू क्वचितच चावतो, तरी चप्पल झटकून घाला असं आपण प्रत्येक पोराला सांगतो.

ते म्हणाले, रांग बघता ना तुम्ही? ती मी बघते. ते एकटेच डॉक्टर आहेत, हेही मला दिसतं, आणि दुसरा डॉक्टर मागणारं पत्रक मीच लिहिलंय. पण रांग लांब आहे म्हणून गोळी द्यायचं थांबत नाही. सांगायचंच तेवढं थांबतं.

मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत या गोळीच्या खोकल्याची आणि सुजेची सूचना लिहिली आणि औषधाच्या खिडकीशेजारी चिकटवली. दुसऱ्या दिवशी ती काढलेली. भिंत सरकारी आहे, चिकटवायला परवानगी लागते म्हणे. मी पुन्हा लावली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा औषध देणारी बाई म्हणाली, राहू द्या, आता माणसं मलाच विचारायला लागलीत. आहे अजून.

टोकावडे

मंदा वहिनीला आणायला मी आणि आई गेलो. आई वाटभर काय बोलायचं ते ठरवत होती. पोचल्यावर वहिनीने पाणी दिलं, चहा दिला. मी सगळं सांगितलं, साखळ्या, विकर, गोळी. तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे काकडं भाजीत बरोबर होती. तुमच्या रक्तात कमी पडली."

कल्याणच्या डॉक्टरबाईंनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

आई म्हणाली, झालं गेलं विसर गो, चल घरी.

वहिनी म्हणाली, "येते. पण तुमी हितं बोलून चालायचं नाय. हितं मला कोण दोष देत नाय. ओटीवर बोललात, ओटीवरच बोला. त्या सगळ्या बायांना बोलवा."

पंचावन्न वर्षांच्या बाईला सुनेने अट घालावी, हे आमच्याकडे होत नाही. मी मध्ये बोलणार होते, पण वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. हे भांडण तिचं होतं आणि ती ते माझ्याहून चांगलं भांडत होती.

चार दिवसांनी आईने आळीतल्या बायकांना चहाला बोलावलं. जनाकाकीही आली. आईने पदर नीट केला आणि उभी राहून म्हणाली, "मंदानं काय नाय केलं. गोळी नडली. मी चुकले." एवढंच. बसली. जनाकाकीने कपबशी खाली ठेवली आणि जमिनीकडे बघत विचारलं की माझी पण दाबाची गोळी हाये, तिचं नाव काय असंल गो मंदे, बघतेस काय? वहिनी बघायला गेली. ती गोळी दुसरी निघाली.

जनाकाकीने माफी मागितली नाही. तिचा हिशोब राहिलाय.

आता तुम्ही

तुमच्या घरात कोणीतरी दाबाची गोळी घेतं. आई, बाप, सासू, तुम्ही स्वतः. हे वाचायचं थांबवा आणि ती पट्टी आणा. नाव वाचा. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, असं शेवटी "प्रिल" असलेलं नाव असेल, तर त्या माणसाला समोर बसवून दोन गोष्टी विचारा: कोरडा खोकला आहे का, ओठ, जीभ, चेहरा कधी सुजला होता का?

खोकला असेल तर स्वतः गोळी बंद करू नका, दाब चढेल. उद्या सकाळी पट्टी घेऊन डॉक्टरकडे जा, हा खोकला गोळीचा आहे का असं थेट विचारा आणि असेल तर बदलून मागा. सूज असेल, किंवा येऊन गेली असेल, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि उद्याची वाट बघायची नाही. मोठ्या दवाखान्यात आजच जा. तिथे काय खाल्लं असं विचारलं की आधी पट्टी पुढे करा, मग भाजीचं सांगा. आणि जो डॉक्टर तुम्हाला नवीन गोळी देईल त्याला खुर्चीवरून उठायच्या आधी विचारा, हिने काय काय होऊ शकतं? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मागची रांग ओरडली तर ओरडू द्या.

पट्टी आणली का? नसेल तर उठा.